डाळिंबाचा रंग आणि डाळिंबांतील लोह

आजारी माणसास भेटावयास जातांना चार डाळिंबें बरोबर नेण्याची रीत पुण्यांत आजहि चालू आहे. गाडीवरचा फळविक्या एक फळ फोडून ठेवतो, त्यांतील लालभडक दाणे गिऱ्हाइकास दाखवितो, आणि हें खाल्ल्यानें रक्त वाढतें असें निःशंकपणें सांगतो. घेणाऱ्यासहि तें पटतें. कारण रक्त तांबडें, दाणा तांबडा, तेव्हां दाण्यांत लोह असलेंच पाहिजे, असा हा सरळ हिशेब आहे. हिशेब सरळ असला म्हणजे तो बरोबर असतोच असें नाहीं. या एका समजुतीवर डाळिंबाच्या बाजाराचा बराचसा भाग उभा असल्यामुळें, आणि आतां खरोखरीच अधिक लोहाची जात म्हणून एक नवी जात शेतकऱ्यांपुढें आलेली असल्यामुळें, या विषयाचा थोडा खोलांत जाऊन विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

डाळिंबाच्या दाण्यास जो तांबडा रंग येतो तो अँथोसायनिन नांवाच्या रंगद्रव्यांचा होय. जांभूळ, काळें द्राक्ष, तांबडा कोबी यांचा रंगहि त्याच कुळांतील द्रव्यांचा. या द्रव्यांच्या घडणींत लोह नसतें. रक्ताचा तांबडेपणा लोहाशीं निगडित आहे हें खरें. परंतु तेवढ्यावरून जें जें तांबडें तें तें लोहयुक्त असें मानूं लागल्यास कलिंगडासहि औषधांत जागा द्यावी लागेल. उलट बाजरी करड्या रंगाची, तीळ पांढरा किंवा काळा, आणि बाळंतिणीस आपण देतों तें हळीव कोणाच्या डोळ्यांत भरण्याजोगें नव्हे; परंतु लोहाच्या बाबतींत हीं तिन्ही डाळिंबास मागें टाकतात. रंग हा रंग आहे, धातु हा धातु आहे. दोहोंची गांठ गिऱ्हाइकाच्या मनांत पडली आहे, फळांत नव्हे.

आपल्या जिल्ह्याचा या फळाशीं संबंध जुना आहे. आळंदी, ज्यास वडकी असेंहि म्हणत, ही पुण्याच्या आसपासची जुनी जात. दाणा तांबूस व रसाळ, परंतु आंतील बी कठीण. याच आळंदी जातींतून डॉ. जी. एस. चीमा यांनीं गणेशखिंडीच्या बागेंत निवड करून १९३६ सालीं एक नवी जात वेगळी काढली. त्या बागेच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला प्रथम जी.बी.जी. नंबर एक असें म्हणत. १९७० सालीं तिचें गणेश असें नामकरण झालें. गणेशचा मोठा गुण म्हणजे मऊ बी. दांत नसलेल्या म्हाताऱ्यासहि तो दाणा खातां येई. दाण्याचा रंग मात्र फिकट गुलाबी. पुढें राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठांत गणेशचा संकर गुल-ए-शाह रेड या तांबड्या परदेशी जातीशीं झाला, आणि त्या वंशांतून मृदुला, आरक्ता व भगवा या जाती निघाल्या. मृदुला १९९४ सालची. भगवा २००३ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या हातीं आली, आणि तिनें पाहतां पाहतां बाकीच्या जातींस बांधाबाहेर घालविलें. शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी अशीं तिचींच निरनिराळीं नांवें गांवोगांव ऐकूं येतात.

या इतिहासावरून एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. पहिल्या निवडीनें दांताची सोय पाहिली, दुसरीनें डोळ्याची. दाण्यांत लोह किती, जस्त किती, चुना किती, हें विचारून कोणीं जात पसरविली नाहीं, आणि त्याबद्दल कोणासहि दोष देतां येत नाहीं. बाजारांत जें दिसतें व जिभेस जें कळतें त्याचाच भाव होतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत क्रेट उघडल्यावर आडत्या फळाचें वजन पाहतो, सालीचा रंग व तकतकी पाहतो, डाग पाहतो, फार तर एक फळ फोडून दाणा पाहतो. धातूची परीक्षा करण्याचें साधन त्याच्यापाशीं नाहीं, आणि असतें तरी त्यास वेळ नाहीं.

आतां नव्या जातीकडे वळूं. सोलापूरजवळ केगांव येथें भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचें राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तें २००५ सालीं स्थापन झालें. त्या केंद्रानें २०१७ मध्यें सोलापूर लाल या नांवाची संकरित जात प्रसृत केली. तिच्या वंशावळींत भगवा आहे, आपली गणेश आहे, नाना नांवाची शोभेची खुजी जात आहे, आणि हिमालयाच्या उतारावर रानांत होणारें आंबट दारू डाळिंबहि आहे. (दारू या नांवावरून वाचकांनीं भलतें समजूं नये, ज्याचे दाणे वाळवून अनारदाणा करतात तें हें फळ.) परिषदेनें दिलेले आंकडे असे आहेत कीं, सोलापूर लालच्या १०० ग्रॅम ताज्या दाण्यांत लोह ५.६ ते ६.१ मिलिग्रॅम, जस्त ०.६४ ते ०.६९ मिलिग्रॅम व क जीवनसत्त्व १९.४ ते १९.८ मिलिग्रॅम असतें. प्रचलित जातीमध्यें हेंच प्रमाण अनुक्रमें २.७ ते ३.२, ०.५० ते ०.५४ व १४.२ ते १४.६ इतकें. म्हणजे लोह जवळजवळ दुप्पट, जस्त सव्वापट व क जीवनसत्त्व सव्वापटीहून कांहींसें अधिक. उत्पन्न हेक्टरीं २३ ते २७ टन सांगितलें आहे. एकराच्या भाषेंत तें सुमारें नऊ ते अकरा टन पडतें. फळांतील धातूचें प्रमाण हाच जातीचा गुण म्हणून पुढें करण्याचा डाळिंबांतील हा पहिलाच मोठा प्रयत्न, आणि तो आपल्या प्रांतांत झाला, याचें आम्हांस कौतुक वाटतें.

तथापि कौतुक व विश्वास या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आम्ही रसायनशास्त्री नव्हों. आमचें शिक्षण व्हर्नाक्युलर शाळेपुरतें, आणि उभी नोकरी महसूल खात्यांत रकाने भरण्यांत गेली. परंतु रकाने भरतां भरतां आंकड्याचा एक स्वभाव आम्हांस ठाऊक झाला. आंकडा कोणीं मोजला, कोठें मोजला, कोणत्या महिन्यांत मोजला व कशानें मोजला, हें त्याच्यासोबत नसेल तर तो कागदावर पक्का दिसतो आणि शेतांत गेल्यावर विरघळतो. डाळिंबांतील लोहाचेंच पाहा. अमेरिकेच्या शेतकी खात्याच्या अन्नकोष्टकांत १०० ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत लोह अवघें ०.३ मिलिग्रॅम दिलें आहे. आपल्याकडील प्रचलित जातीचा आंकडा त्याच्या नऊ-दहापट! दोन्ही संस्था जबाबदार. खोटें लिहिण्याचें कोणास कारण नाहीं. मग फरक कोठून आला? जात निराळी, जमीन निराळी, पाणी निराळें, हें तर आहेच. त्याखेरीज दाण्यांत सुमारें ७८ टक्के पाणी असतें. ताज्या वजनावर काढलेलें प्रमाण व वाळविलेल्या वजनावर काढलेलें प्रमाण यांत साडेचारपटीचें अंतर पडतें, आणि एकाचा आंकडा दुसऱ्याच्या शेजारीं मांडणारे लोक पुष्कळ आहेत. सालीवरची धूळ दाण्यास लागली, फळ लोखंडी सुरीनें कापलें, एवढ्यानेंहि इतक्या सूक्ष्म मापांत गडबड होऊं शकते. केंद्राचे आंकडे चुकीचे आहेत असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. दोन्ही जाती एकाच हातानें, एकाच रीतीनें मोजलेल्या असल्या तर त्यांच्यामधील दुपटीचें अंतर विश्वासार्ह ठरतें. परंतु पुरंदरच्या माळावर किंवा भीमेच्या कांठीं आपल्या बागेंत तेंच अंतर राहतें कीं नाहीं, हें आपल्या बागेंतच पाहावें लागेल.

येथें आमच्या जुन्या खात्यांतील एक प्रकरण आठवतें. इंदापूर तालुका आज डाळिंबासाठीं ओळखला जातो. महसूलाच्या इतिहासांत तो दुसऱ्याच कारणानें प्रसिद्ध आहे. १८३० च्या आसपास प्रिंगल नांवाच्या साहेबानें पुण्याकडील जमिनींची मोजणी करून, प्रत्येक जमिनीचें निव्वळ उत्पन्न काढून, त्यावर धारा बसविला. कागदावर पद्धति अशी नेमकी होती कीं तींत दोष काढणें कठीण. परंतु खालच्या माणसांनीं केलेल्या मोजण्या व अंदाज खोटे निघाले, धारा झेपेना, आणि शेतकरी जमिनी टाकून निघून जाऊं लागले. तेव्हां १८३५ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांनीं त्याच इंदापुरांत नव्यानें पाहणी आरंभिली. जमिनीची खोली, रंग व दोष बांधावर उभें राहून पाहिले व वर्ग लावले. ती पद्धति टिकली व इलाखाभर पसरली. फळांतील धातूचा आंकडा हाहि अद्याप प्रिंगलच्या अवस्थेंत आहे असें आम्हांस वाटतें. त्याची इंदापुरी पाहणी अजून व्हावयाची आहे.

आतां कोणी म्हणेल कीं जातीची कटकट कशाला; जमिनींतच लोह घातलें तर फळांत उतरणार नाहीं काय? ही समजूतहि रंगाच्या समजुतीसारखीच सरळ व तशीच फसवी आहे. आपली काळी माती ज्या बेसाल्ट खडकाची झाली त्यांत लोह मुबलक आहे. उणीव लोहाची नसून तें झाडास घेतां येण्याची आहे. चुनखडीच्या जमिनींत लोह मुळांस मिळेल अशा रूपांत राहत नाहीं. मग शिरा हिरव्या व मधलें पान पिवळें असें कोंवळ्या पानांवर दिसूं लागतें. हिराकस दिल्यानें किंवा फवारल्यानें पान हिरवें होतें, झाड सुधारतें, आणि तें करावेंच. परंतु पानांत लोह वाढलें म्हणून दाण्यांत त्याच मानानें वाढलें असें समजूं नये. पान व फळ यांचें पोषण एकाच वाटेनें होत नाहीं.

चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, गोष्ट याहून बोधक आहे. कॅल्शियम झाडांत पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतें, आणि जेथून पाण्याची वाफ अधिक होते तेथें, म्हणजे पानांत, जाऊन बसतें. फळाच्या सालींतून वाफ थोडी होते, म्हणून फळाच्या वांट्यास कॅल्शियमहि थोडें येतें. चुनखडीच्या जमिनींत उभ्या असलेल्या झाडाच्या फळास चुना कमी पडावा, हें ऐकावयास विचित्र वाटतें, परंतु तें असें घडतें. पालाशाचें उलट आहे. तें पानांत तयार झालेल्या साखरेबरोबर फळाकडे सहज जातें, आणि म्हणूनच डाळिंबाच्या दाण्यांत सर्व धातूंत पालाश अधिक सांपडतें, १०० ग्रॅमला दोनशें मिलिग्रॅमच्या वर. फळास तकाकी व गोडी यावी म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत पालाशाचा मारा करणारे बागाईतदार आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. पालाश अति झाल्यास चुना व मॅग्नेशियम यांचें शोषण अडतें, ही दुसरी बाजू दुकानदार सांगत नाहीं, कारण त्यास पोतीं खपवावयाचीं असतात.

फळाची प्रत ज्यावर खरोखर अवलंबून आहे त्यांत बोरॉनचेंहि नांव घेतलें पाहिजे. त्याची उणीव झाल्यास साल लवचिक राहत नाहीं व फळ तडकतें. टाकणखार हा त्यावरचा जुना व स्वस्त उपाय. मात्र त्याचें पुरेसें व अति यांतील अंतर फार थोडें आहे, म्हणून माती व पान तपासल्याशिवाय मुठीनें टाकणखार फेंकणाऱ्याची बाग कांठाकांठानें जळालेलीं पानें दाखवूं लागते. आणि टाकणखार कितीहि बेतानें दिला तरी पाण्याच्या पाळीची हेळसांड तो भरून काढीत नाहीं. पंधरा दिवस जमीन कोरडी ठेवून एकदम भरपूर पाणी दिलें, किंवा ताणलेल्या बागेवर अवकाळी सर आली, कीं दाणे फुगतात, साल फुगत नाहीं, आणि सहा महिने जपलेलें फळ एका रात्रींत उलतें. उललेल्या फळांतील लोह मोजून कोणास काय लाभ?

आतां ज्या प्रश्नासाठीं हा लेख लिहावयास घेतला तो असा कीं, अधिक लोहाच्या फळाचे दाम कोण देणार? खाणाऱ्याची गरज मोठी आहे यांत संशय नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४.२ रक्तक्षयानें पीडित आढळल्या. त्यापूर्वींच्या पाहणींत हेंच प्रमाण शेंकडा ४८ होतें. प्रौढ स्त्रीस दिवसाकाठीं २९ मिलिग्रॅम लोह मिळावें असें हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें व वैद्यक परिषदेनें २०२० सालीं ठरविलें. एका मध्यम फळांतून निघणारे शंभर ग्रॅम दाणे धरले, तर सोलापूर लालपासून या गरजेचा पांचवा हिस्सा भागतो, प्रचलित जातीपासून दहावा, आणि अमेरिकेचा आंकडा खरा मानल्यास शंभरावा. त्यांतहि वनस्पतींतील लोह शरीरांत पूर्ण शोषलें जात नाहीं. क जीवनसत्त्व त्यास साह्य करतें, तर तुरट द्रव्यें अडथळा करतात, आणि डाळिंबांत दोन्हीहि आहेत. शिवाय रस काढून बी फेंकून दिली म्हणजे बींत जें असेल तेंहि गेलें. रसवंतींतील पेला व चावून खाल्लेला दाणा हीं एक नव्हेत.

आणि येथें आम्ही एक कडू बोलणें बोलून टाकतों. ज्या घरांतील बायकांस लोहाची अत्यंत गरज आहे त्या घरांत डाळिंब आजाऱ्याच्या उशाखेरीज येत नाहीं. २०१२ सालीं आपल्या प्रांतांत आलेल्या धनशक्ति या बाजरीच्या जातींत दर किलोस ७० मिलिग्रॅमच्या वर लोह आहे. म्हणजे शंभर ग्रॅम पिठांत तें उत्तमांतल्या उत्तम डाळिंबाहून अधिक, आणि पीठ डाळिंबाच्या मानानें किती स्वस्त! शिरूर व पुरंदरच्या कोरडवाहू गांवांतून बाजरीचा पेरा मागें सरत असतां आपण डाळिंबाच्या फळ्यावर 'लोहयुक्त' असें लिहावें, यांत विसंगति आहे. डाळिंब उत्तम फळ आहे. त्याची गोडी, त्याचा रस, त्याचें टिकाऊपण हेच गुण विक्रीस पुरेसे आहेत. तें औषध म्हणून विकावयास गेल्यास एक ना एक दिवस कोणी तरी फळ प्रयोगशाळेंत पाठवील, आणि मग खऱ्या सोलापूर लालचाहि विश्वास बुडेल.

म्हणून ज्यांची भगवाची बाग चांगली चालली आहे त्यांनीं केवळ लोहाच्या आंकड्याकडे पाहून ती उपटूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्यांस नवी लागवड करावयाची आहे त्यांनीं कांहीं ओळी सोलापूर लालच्या अवश्य लावाव्या. परंतु रोपवाल्यास पहिला प्रश्न लोहाचा न विचारतां तेल्याचा विचारावा. ज्या रोगानें २००३ च्या सुमारापासून सांगोल्यापासून मालेगांवपर्यंत बागाच्या बागा बसविल्या, त्यापुढें कोणतीहि जात कितपत टिकते हें कळल्यावांचून बाकीचे गुण सांगण्यांत अर्थ नाहीं. दुसरा प्रश्न आडत्यास विचारावा : हें फळ भगवाच्या भावानें घेशील काय? गांवनमुना बारांत पिकाचें नांव व क्षेत्र लिहावयास जागा आहे, फळाच्या गुणास नाहीं. आडत्याच्या पट्टींतहि नाहीं. जो गुण कोणत्याहि कागदावर उतरत नाहीं त्याचे दाम मागतां येत नाहींत.

तो कागदावर उतरविण्याचें काम आपल्या संस्थेसारख्या मंडळींनींच केलें पाहिजे. ज्या सभासदांच्या एकाच शेतांत भगवा व सोलापूर लाल अशा दोन्ही जाती आहेत, अशांच्या बागा निवडाव्या. एक चुनखडीची, एक मुरमाड व एक मध्यम काळी, एवढ्या तीन प्रकारच्या जमिनी पहिल्या वर्षास पुरेत. दर जातीचीं पांच झाडें चिठ्ठी टाकून ठरवावीं, मालकाच्या पसंतीनें नव्हे. पीककापणीच्या प्रयोगांत भूखंड ठरवितांना जो कटाक्ष ठेवतात तोच येथें ठेवावा. फळें धुवून, सुरी न लावतां हातानें फोडून, दाणे काढून द्यावे. नमुन्यांवर शेतकऱ्याचें व जातीचें नांव न घालतां केवळ क्रमांक घालावा, म्हणजे तपासणाऱ्यास कोणता नमुना कोणाचा हें कळणार नाहीं. प्रमाण ताज्या वजनावर मागावें व पाण्याचा अंश वेगळा लिहून घ्यावा. त्याच बागेच्या मातीची व पानांची तपासणी बरोबरच करवावी. खर्च संस्थेनें सोसावा. आणि आंकडे येतील ते, मनाजोगते असोत वा नसोत, याच मासिकांत जमिनीच्या वर्णनासह छापावे. मृग बहाराचीं फळें डिसेंबर-जानेवारींत उतरतात. ज्या सभासदांस आपली बाग या कामीं द्यावयाची असेल त्यांनीं दिवाळीपूर्वीं संस्थेच्या कचेरींत गट क्रमांक, लागवडीचें वर्ष व दोन्ही जातींच्या झाडांची संख्या लिहून कळवावी.